घाबरून विकायचं नाही

बोरकुटे सरांवर रागवायचं, असं मी ते गेल्यापासून ठरवून आहे. रोज सकाळी दात घासता घासता ठरवतो, आणि चहा होईपर्यंत राग उतरलेला असतो. माणूसच तसा होता. भांडायला गेलं की आधी खुर्ची पुढे करायचे. "बसून भांडा ना जी, उभ्यानं काऊन भांडता?" म्हणायचे. मग बसलेल्या माणसानं काय कपाळ भांडावं.

सावली गावातल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात ते कॉमर्सच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवायचे आणि मी खेळाचा मास्तर. घरं आमची शेजारी, मधली भिंत एक. त्यांचा वर्ग मैदानाच्या बाजूला होता आणि मैदानावर झाड म्हणून जे एकच कडुलिंबाचं होतं, ते नेमकं त्यांच्या खिडकीखाली. पोट्टे कबड्डी खेळायचे आणि मी लिंबाखाली उभा राहून त्यांचं अर्थशास्त्र फुकटात ऐकायचो. शेअर बाजारातलं मला ओ की ठो कळत नाही. पण चढउतार हा धडा सर दरवर्षी इतका रंगवून शिकवायचे की आता परीक्षेला बसलो तर त्या एका प्रश्नापुरता मी पास होईन.

"टमाटर आणि तांदूळ," सर सुरू करायचे. "दोघांत भरवशाचा कोण?"

"तांदूळ," सगळे एका सुरात.

"काऊन?"

"टमाटरचा भाव दर बाजाराले बदलते जी सर."

"बदलते म्हंजे पडते का?"

"पडते, चढतेबी."

"मंग चढते तेव्हा तुझी माय टमाटरले शिव्या देते का? वाडीतले टमाटर टोपलीत घालून ती बाजारात बसते ना? त्या दिवशी तर ती तुले जिलेबी घेऊन देते."

पोरं हसायची. मग ते फळ्यावर दोन रेघा काढायचे. एक डोंगरासारखी वरखाली जाणारी, दुसरी जवळजवळ सरळ, शेवटाकडे जरा उतरती. पोरांना विचारायचे, यातली धोक्याची कोणती? सगळी पोरं वाकड्या रेघेवर बोट ठेवायची. सर म्हणायचे, "ही वाकडी हाय म्हणून तुम्ही भ्याले. अन् ही सरळवाली हळूहळू खाली चालली, ते कोणालेच नाई दिसलं." पुढे समजावून सांगायचे की अस्थिरता हे नुसतं माप आहे, एखादी गोष्ट किती हेलकावे खाते त्याचं. खाली जाणं त्यात धरतात तसं वर जाणंही धरतात. नुकसान ही वेगळी गोष्ट, जे बुडालं ते पुन्हा वर येत नाही. भाव पडला म्हणजे नुकसान झालं असं नाही. पडला म्हणून जो घाबरून विकून टाकतो त्याचं नुकसान होतं, कारण त्याच्याकडे मग वर यायला काही उरत नाही. "घाबरून विकायचं नाही," हे वाक्य ते फळा पुसता पुसता म्हणायचे, आणि तेवढ्यात तास संपायचा.

दिसायला सर अगदी साधे. उंच, वाळके, मे महिन्यातही पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत लावलेल्या. आमच्या भागात राहून तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला, त्यामुळे त्यांचे दात साठीतही आमच्यापेक्षा चांगले होते. चालणं असं की, शाळेला आग लागली तरी हे आधी छत्री शोधतील, असं आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचो. आवाज कधी चढला नाही. पोरगा नापास झाला तरी तोच आवाज आणि पहिला आला तरी तोच. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची ठरलेली होती, खिडकीजवळची. तिथून रस्त्यापलीकडे त्यांचं अंगण दिसायचं. मधल्या सुटीत ते आधी अंगणातल्या दोरीकडे पाहायचे. दोरीवर कपडे वाळत असले की चहा प्यायचे. नसले की चहा तसाच ठेवून घरी जाऊन यायचे.

कपडे वाळत घालणारी बाई म्हणजे वच्छलाबाई, त्यांची बायको. गोऱ्या, गोल चेहऱ्याच्या, आणि आवाज असा मोकळा की अंगणात बोलल्या तरी आमच्या चुलीजवळ ऐकू यावं. त्यांना मनाचा आजार होता. डॉक्टर त्याला इंग्रजीत काहीतरी मोठं नाव द्यायचे. आम्ही पाहिलेलं असं की काही आठवडे बाई वर असायच्या आणि काही आठवडे खाली. वर असल्या की झोप नाही, गाणी, हसणं, पहाटे उठून अख्ख्या गल्लीचा सडा टाकणं, स्वतःच्या कपाटातली लुगडी वाटून टाकणं. खाली गेल्या की खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायच्या, आणि मग पाणी पाजायलाही सरच लागायचे. मधल्या दिवसांत तुमच्या-आमच्यासारख्या. त्या मधल्या दिवसांत त्यांच्या हातचं झिंग्याचं कालवण मी खाल्लंय, तसं परत मिळायचं नाही.

गावातले लोक काय म्हणायचे ते सांगायला नको. एकदा स्टाफरूममध्ये कोणीतरी कुठल्याशा साहेबाबद्दल म्हणालं की तो अस्थिर डोक्याचा आहे. सर पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "अस्थिर ही शिवी नोहोय जी. अन् वापरायचंच असंल तं पुरं वापरा. वर किती जाते तेबी मोजा. लोक नुसतं पडणं मोजतात." मी तर शिट्टी घेऊन मैदानावर गेलो.

त्यांनी बाईंना एक शब्द दिला होता. तो मला कळला तेव्हा आम्ही दोघं तलावाच्या पाळीवरून फिरायला निघालो होतो. आपणहून कधी न बोलणारा माणूस त्या दिवशी बोलला. लग्न नवं होतं तेव्हा बाई पहिल्यांदा फार वर गेल्या. सर परीक्षेच्या कामाला बाहेरगावी होते. बाईंचा भाऊ देवराव, नदीपलीकडे मार्कंड्याच्या बाजूला त्याचं गाव, तो आला आणि बहिणीला जंगलातल्या एका पुजाऱ्याकडे घेऊन गेला. तिथं त्यांना झाडाला बांधून ठेवलं, आणि अंगातलं निघून जावं म्हणून तापवलेल्या लोखंडाचे डाग दिले. सर पोचले तेव्हा बाई ओळख देत नव्हत्या. "देवराव रडत होता जी," सर म्हणाले. "त्याचं काई वाईट मन नोहोतं. भ्याला होता. बहीण हातची जाते म्हणून भ्याला अन् देऊन टाकली." घरी आणून सर त्यांच्या पाठीला खोबरेल लावत होते तेव्हा त्यांनी शब्द दिला, तुले पुन्हा कोणी कुठी नेणार नाई. मी तुले या घरातून कोणाले नेऊ देणार नाई.

मी विचारलं, "अन् बाई काय म्हणाल्या?"

"काई नाई. दोन दिवसांनं उठली अन् म्हणे, पोटात भूक हाय."

त्या माणसानं हा शब्द कसा पाळला, ते मी भिंतीच्या अलीकडून उभा जन्म पाहिलं. नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या कधी चुकल्या नाहीत. दर काही महिन्यांनी दोघं एसटीनं नागपूरला जायचे आणि येताना बाईंच्या डोक्यात मोगऱ्याचा गजरा असायचा. पण गोळ्यांनी सगळंच थांबत नव्हतं. आणि जे थांबत नव्हतं त्याला सर ज्या तऱ्हेनं सामोरे जायचे ते पाहून मला कधी हसू यायचं आणि कधी रडू.

बारशाची गोष्ट सांगतो. त्यांना मूलबाळ नव्हतं. एकदा बाई वर असताना हळदीकुंकवाचा करंडा घेऊन सकाळपासून घरोघरी गेल्या आणि आमंत्रण देऊन आल्या, संध्याकाळी आमच्याकडे बारसं आहे, जेवायलाच या. आमच्याकडेही आल्या. माझी बायको सुनंदा कपाळाला कुंकू लावून घेता घेता माझ्याकडे पाहत राहिली. बायांची कुजबुज सुरू झाली. मी तसाच रस्ता ओलांडून शाळेत गेलो आणि सरांना सांगितलं. म्हटलं, तुम्ही घरी बसा, मी फिरून सगळ्यांना नाही म्हणून सांगून येतो.

सरांनी थोडा वेळ खडू बोटांत फिरवला. "नाई म्हणून कायले सांगता? तिनं बलावलं ना? मंग येऊ द्या."

"अजी, पण बारसं कोणाचं?"

"तेच पाहून राह्यलो," ते म्हणाले.

दुपारी अर्धी रजा टाकून ते गवळ्याकडे गेले आणि त्याच्या गायीचं नुकतंच झालेलं एक वासरू, गायीसकट, मागून आणलं. विकत नव्हे, संध्याकाळपुरतं. अंगणात शेणसडा, दारात आंब्याचं तोरण, वासराच्या गळ्यात झेंडूची माळ. मोठ्या गंजात भात आणि वांग्याची भाजी चढवली, त्यासाठी मला आणि सुनंदाला राबवून घेतलं. बाया आल्या त्या तोंडावर पदर धरूनच. सर दारात उभे, प्रत्येकीला नमस्कार करत. "या बाई. आमच्या वासराचं बारसं हाय. घरच्या बाईच्या मनात होतं." पहिल्यांदा कोणी हसलं नाही. मग एका म्हातारीनं वासराच्या कपाळाला कुंकू लावलं आणि कानात कुर्र केलं, आणि सगळं अंगण हसायला लागलं. बाईंनी त्याचं नाव राजकुमार ठेवलं. गाणी झाली, जेवणं झाली. घरी जाताना कोणाच्याही तोंडी पागल हा शब्द नव्हता. बोरकुटे मास्तरांकडचं बारसं म्हणून गावात ते अजून सांगतात, आणि जनावराला इतका मान देणारी माणसं म्हणून सांगतात. वासरू दुसऱ्या दिवशी परत गेलं. बाई दोन दिवस गवळ्याच्या गोठ्यात जाऊन बसायच्या, तर सरही शाळेआधी तिथं जाऊन बसायचे.

वर असण्याचे दिवस त्यांना असे निभवता यायचे. खाली असण्याचे दिवस कठीण. तेव्हा सर स्वयंपाक करायचे, बाईंचे केस विंचरायचे, वेणी घालायचे, तीही वाकडी. आणि बाजाराच्या दिवशी पिशवी ठेवून खाटेजवळ बसायचे आणि बाजारातले भाव सांगायचे. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. "वांगे उतरले. मेथी तं कोणी पुसून नाई राह्यलं. टमाटरनं मात्र डोकं वर काढलं. झिंगे आले होते, चांगले मोठे, पण भाव लय सांगत होती ती." पलीकडून उत्तर नाही. पुढच्या बाजारी पुन्हा तेच. मी एकदा म्हटलं, सर, कशाला घसा कोरडा करता? ते म्हणाले, "तिले बाहीर काय चालू हाय ते माहीत असलं पाह्यजे. उठंल तेव्हा एकदम नवं नाई वाटलं पाह्यजे."

असं किती आठवडे चाललं असेल. एक दिवस ते झिंग्यांचा भाव सांगत होते आणि भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला, बसका, "मंग आणले काऊन नाई?"

पुढच्या क्षणाला सर आमच्या दारात. चपलाही घातल्या नव्हत्या. कधी न धावणारा माणूस धापा टाकत होता. "झिंगे," ते सुनंदाला म्हणाले, "तुमच्याकडे झिंगे हायत का जी? कोणाकडे असतीन?" सुनंदानं अर्ध्या गल्लीतून झिंगे गोळा केले. त्या दिवशी मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं, आणि माझ्याही आलं, लपवत नाही.

कोरोनाच्या वर्षी शेअर बाजार कोसळला तेव्हाची एक गोष्ट. शाळा बंद व्हायच्या आधीचे दिवस. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी मोबाइलवर म्युच्युअल फंड की काय ते घेऊन ठेवले होते. रोज सकाळी प्रार्थना संपली की सगळे मोबाइलात तोंड खुपसून बसायचे आणि आकडे लाल पाहून एकमेकांकडे पाहायचे. हेडक्लार्क तर सारखे विचारत होते, विकू का सर, विकून टाकू का. सर त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "पोरीचं लग्न या उन्हाळ्यात हाय का? नाई ना? मंग मोबाइल कपाटात ठेवा. घाबरून विकायचं नाई."

आमचे इंग्रजीचे मास्तर तोंडाचे फटकळ. त्यांचंही बरंच खाली गेलं होतं म्हणा. ते तिकडून बोलले, "सर, घरीबी तुमचा हाच हिशोब चालते का?"

मला वाटलं आता उठावं आणि त्याच्या कानाखाली द्यावी. मी खुर्ची मागेही सरकवली होती. सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हाव," ते म्हणाले. "घरीच शिकलो. पुस्तकातून नाई येत ते." आणि हेडक्लार्कच्या मोबाइलकडे वळले.

निवृत्त झाल्यावर सर जास्त वेळ घरी असायचे. वाटलं आता जरा बरे दिवस आले. देवराव दर वर्षी पोळ्याच्या सुमारास यायचा, तोही म्हातारा झाला होता. यायचा, बहिणीजवळ बसायचा आणि जाता जाता म्हणायचा, "भाटवे, तुम्हीबी थकले. तिले माझ्याकडे येऊ द्या. सुना हायत, करतीन." सर त्याला पानसुपारी द्यायचे आणि "पाहू" म्हणायचे. तो गेला की दार नीट लावून घ्यायचे.

गेल्या दिवाळीनंतर बाई खाली गेल्या. आणि त्याच दिवसांत सरांच्या छातीत दुखायला लागलं. मला त्यांनी सांगितलंच नाही. पाळीवर फिरताना ते मधेच थांबायचे आणि तलावातली कमळं पाहायचे. कमळं काय, वर्षानुवर्षं तीच कमळं. मग एकदा त्यांचा चेहरा पाहिला, घाम पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी धरून गडचिरोलीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाले, नागपूरला न्या, आजच न्या, उद्यावर टाकू नका.

येताना गाडीत सर खिडकीबाहेर पाहत होते. घर आलं तसे म्हणाले, "ती उठू द्या. उठली का दोघंबी जातो."

मी म्हटलं, "सर, आम्ही हाओत ना. सुनंदा पाह्यते त्यायले."

"ती दुसऱ्याच्या हातची गोळी घेत नाई जी. मी चार दिवस नाई दिसलो तं गोळी बंद होईल. गोळी बंद झाली का देवराव येईल." मग मला समजावल्यासारखे म्हणाले, "अन् हे दुखणं येते, जाते. सकाळी होतं, आता नाई. जे येऊन-जाऊन रायते त्याले मी भेत नाई."

मला राग आवरला नाही. गाडीवाल्यासमोर ओरडलो. म्हटलं, "हे टमाटर नोहोय सर. हे काळीज हाय. एकदा गेलं तं वर येत नाई, हे तुम्हीच शिकवलं ना पोट्ट्याईले?"

माझं त्यांना पटलं होतं, असं मला आजही वाटतं. उभा जन्म ज्यांनी पोरांना पडणं आणि बुडणं वेगळं करून दाखवलं त्यांना ते स्वतःच्या छातीत कळत नव्हतं, असं कसं म्हणू? कळत होतं. पण त्या घरात वरखाली जाणारी गोष्ट एकच असायची, आणि ती परत यायचीच. त्या एका सवयीवर त्यांनी एवढी वर्षं काढली होती. स्वतःच्या दुखण्यालाही त्यांनी तीच सवय लावली. "पाहू," ते मला म्हणाले, देवरावला म्हणायचे तसंच. पुढचे दिवस मी रोज भिंतीपलीकडे कान लावून होतो, बाईंचा आवाज येतो का म्हणून. मी माझ्या पोरांच्या निकालाचीसुद्धा इतकी वाट पाहिली नसेल. बाई उठल्या नाहीत.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी मेथी घेत होतो आणि पलीकडे कांदेवाल्याच्या पोत्यावर सर बसलेले दिसले. बसणारा माणूस नव्हे तो. जवळ गेलो तर शर्ट ओला. कांदेवाल्यानं पाणी दिलं, ते गालावरून ओघळलं. गाडी मिळाली लगेच, त्याबद्दल तक्रार नाही. मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वैनगंगेच्या पुलावर गाडी चढली तेव्हा ते बोलले, "दुपारची गोळी." मी म्हटलं, देतो सर, सुनंदा देते. त्यांनी मान हलवली, म्हणजे नाही. पूल संपायच्या आत माझ्या हातातला त्यांचा हात सैल पडला. गाडी गडचिरोलीला गेली, पण ती फक्त डॉक्टरांनी सांगावं म्हणून गेली.

घरी आणलं तेव्हा बायांनी वच्छलाबाईंना धरून बाहेर आणलं. त्यांनी सरांकडे पाहिलं. वाकून पायाला हात लावला, पायाचा अंगठा थोडा वेळ मुठीत धरला. बाया म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. त्या रडल्या नाहीत. आत गेल्या आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तेरवीपर्यंत तशाच होत्या. सुनंदानं गोळी देऊन पाहिली, भातात कालवून पाहिली, हात जोडले. ओठ घट्ट.

तेरवी झाली आणि देवराव मुलाची गाडी घेऊन आला. त्याला मी आमच्या ओसरीवर बसवलं. भांडायचंच होतं मला. त्याला सरांनी दिलेला शब्द सांगितला, पाठीवरच्या डागांचं बोललो, काही राखून ठेवलं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. "भाऊ," तो म्हणाला, "त्या टायमाले मले समजत नोहोतं. आता पुजारी नाई, काई नाई. नागपूरच्याच डॉक्टरले दाखवीन. पण इथी ती कोणाच्या भरोशावर राहील? गोळी नाई, पाणी नाई. मरून जाईल ती. मी भाऊ आहो तिचा." सुनंदा म्हणाली, राहू द्या, मी पाह्यते. तो म्हणाला, "किती दिवस, बाई?" सुनंदा उठून बाईंची लुगडी बांधायला आत गेली. बाईंनी चार घास खाऊनही किती दिवस झाले होते.

पण बाई उठेनात. सुनंदानं आणि शेजारणीनं खांद्याला धरून पाहिलं, अंग दगडासारखं जड केलेलं. देवराव आत गेला. आम्ही दारात. तो खाटेजवळ उकिडवा बसला. मग म्हणाला, "वच्छला, सर नागपूरले हायत. दवाखान्यात. तुले बलावून राह्यले."

मला वाटलं त्याचं तोंड दाबावं. सुनंदानं माझा दंड धरला.

बाईंनी कूस बदलली. भावाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग दारात आमच्याकडे, एकेकाकडे. त्यांना माहीत होतं. पायाचा अंगठा त्यांनीच मुठीत धरला होता, आमच्या सगळ्यांच्या देखत. आम्ही कोणीच काही बोललो नाही. त्या उठून बसल्या. पाय खाली सोडले. "पाणी तापवा," म्हणाल्या.

त्यांनी आंघोळ केली. डोक्यावरून. हिरवं लुगडं काढलं. सुनंदाला वाटलं आता कपाळाला कुंकू लावतील की काय, तर लावलं, आणि कोणी हात धरला नाही. मग चुलीपुढे बसल्या, भात टाकला, वरण केलं, वांगं भाजलं. देवराव अंगणात गाडीच्या टपावर डोकं टेकवून रडत होता. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि इतक्या दिवसांनी त्या घरात धूर निघाला म्हणून गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाईंनी डबा भरला, झाकण दाबून पाहिलं, फडक्यात बांधला.

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. "सुनंदाबाई," त्या म्हणाल्या, "त्यायले थंडं जेवण चालत नाई. जेवणाच्या टाइमापर्यंत पोचू ना वो?"

सुनंदा म्हणाली, "पोचाल बाई."

गाडी चौकापर्यंत गेली. नागपूरला जायचं तर मूल गावच्या रस्त्याला लागावं लागतं. ती पुलाकडे वळली, देवरावच्या गावाच्या बाजूला. मागच्या काचेतून बाई दिसत होत्या, सरळ बसलेल्या, दोन्ही हातांनी डबा धरून.